आज तरी वाक

"आज तरी वाक गं," सत्यवतीबाई म्हणाल्या. "अख्खं बसवनगुडी पाया पडून जेवायला बसलं. तुझी कंबर काय सोन्याची आहे?"

सुप्रीता दाराशीच उभी राहिली. हातातलं पायसाचं पातेलं तिनं घट्ट धरलं होतं. सत्यवतीबाईंनी ते काढून घेतलं.

समोर खुर्चीत त्यांचे सासरे, गुंडोअण्णा, नव्या उपरण्यात बसले होते. आज त्यांचं सहस्रचंद्रदर्शन. सुनेच्या लेखी सुप्रीता म्हणजे गुंडोअण्णांच्या आईच्या माहेरची कुणी नात. जयनगरला कॉम्प्युटर शिकणारी, शनिवारी मदतीला येणारी.

ती गुंडोअण्णांची आई होती.

वय चेहऱ्यावर न उमटणाऱ्या बाईला एका घरात फार दिवस राहता येत नाही. गुंडोला मिसरूड फुटलं आणि लोक दोघांना बहीणभाऊ समजू लागले, तेव्हा ती, म्हणजे त्या वेळची कृष्णाबाई, काशीला निघून गेली. आपण वारल्याची तारही तिनंच केली. मग नवी गावं, नवी नावं. तिची बाकीची मुलं वारली तेव्हा ती लांबच्या पाहुण्यांत मागे उभी होती. आता हा एकच उरला होता.

थोरानं धाकट्याच्या पायाला हात लावला की धाकट्याचं आयुष्य घटतं, असं तिला तिच्या आईनं सांगितलेलं. कॉम्प्युटर शिकली तरी ते मनातून गेलं नव्हतं. आजवर तिनं कधी ओल्या हातांचं, कधी पाळीचं निमित्त काढून वेळ मारून नेली होती.

"मेडम, स्वल्प बग्गी," व्हिडिओवाल्यानं कानडीत सांगत हातानं थोडं वाकायची खूण केली. दिव्याचा झोत तिच्या तोंडावर आला.

"एवढी मिजास असेल तर पुढच्या शनिवारपासून येऊ नकोस," सत्यवतीबाई हळूच म्हणाल्या.

तिनं त्या पावलांकडे पाहिलं. सुजलेली, नखं वाकडी झालेली. एके काळी तिच्या मुठीत मावायची ती. याचं आधीच किती थोडं उरलंय, आणि त्यातलंही आपणच...

ती वाकली. बोटं टेकणार एवढ्यात पावलं झटकन खुर्चीखाली गेली.

"हिनं नको," गुंडोअण्णा म्हणाले.

"का हो मामंजी?"

"पाय दुखतात."

"सकाळपासून सगळी गल्ली धरून गेली, तेव्हा नाही दुखले?"

"तेव्हा नाही दुखले."

ती तशीच अर्धवट वाकलेली. म्हाताऱ्यानं खुर्चीचे हात धरले, पुढे सरकून डोकं खाली घातलं, पार तिच्या पुढ्यात.

"डोक्यात अक्षता अडकल्यात. काढ."

"टकलावर कसल्या अडकतायत अक्षता?" सत्यवतीबाई हसल्या. व्हिडिओवाल्याला मराठी कळत नव्हतं, तोही हसला.

"आहेत," गुंडोअण्णा मान वर न करता म्हणाले. "तिला दिसतील."

एकही अक्षत नव्हती. कानामागे, लहानपणी पायरीवरून पडल्याचा वण तेवढा होता. तिनं त्यावर तळवा ठेवला. मग दुसऱ्या हातानं ती नसलेली एकेक अक्षत वेचू लागली, अजिबात घाई न करता.