डाव्या पायाचा दिवा

मल्टिपल स्क्लेरोसिसने वर्लाचा डावा पाय केव्हाच बधिर केला होता. घरातल्या घरात तिचे पाय खरोखर किती चालतात हे मोजायला दवाखान्याने दोन्ही घोट्यांना पट्टे बांधून दिले होते. पाऊल पडलं की पट्ट्यावरचा हिरवा दिवा लुकलुकायचा.

दुपारी ती खुर्चीत पाय पसरून पडली होती. उजवा दिवा गप्प होता. डावा मात्र लुकलुकत होता, संथ, कुणी चालत असल्यासारखा.

"ओरेस्ट, हे बघ रे जरा."

नवरा हात पुसत आला. "वा! तू नाही तर नाही, निदान हा तरी फिरून येतोय."

"चेष्टा पुरे. सोड तो पट्टा."

त्याने पट्टा सोडून स्वतःच्या पायाला बांधला. तो उभा राहिला तेव्हा दिवा विझलेलाच होता, चालला तेव्हा लागला. "ठीक तर आहे," म्हणत त्याने तो परत तिच्या घोट्याला बांधला. दिवा पुन्हा चालू लागला.

"तरीच मी रोज उठते ती दमलेलीच," वर्ला डोळे मिटून म्हणाली. घाबरायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

ओरेस्टने तिचं पाऊल हातात घेतलं. "अगं, पाय गारठलाय नुसता!"

दिवा मंदावला. पायऱ्या चढल्यासारखा जडपणे लुकलुकला आणि थांबला.

बाहेर दाराशी कुणीतरी बुटावरचा बर्फ झाडायला पाय आपटला. पुन्हा आपटला. प्रत्येक वेळी डावा दिवा लागला. दुसऱ्या पायाचा आवाज काही येईना.

"दार उघड रे," वर्ला डोळे न उघडताच म्हणाली. "दमला असेल."