पान बावन्न, ओळ पाचवी

"वहिनी, माळ्यावरची पेटी बघितली का?" विलासनं पुन्हा विचारलं.

"बघितली भाऊजी. नुसते स्वेटर हायेत."

अंजलीनं चहा पुढं ठेवला. तिच्या नवऱ्याला, नवनाथला जाऊन दोन महिने झालेले. चाकणला कंपनीत प्रेस मशीनमधी घावला बिचारा. कंपनीचं म्हणणं, हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर ठणठणीत होता, ह्यानंच काहीतरी उद्योग केला. बुधवारी सुनावणी. आणि मशीनच्या रोजच्या तक्रारी जिच्यात लिहायच्या, ती वहीच गायब.

विलास त्याच लाइनचा सुपरवायझर. नवनाथला कामाला लावलं यानंच, खांदा दिला यानंच. तेव्हापासून दर रविवारी पिंपळे गुरवला येऊन वही शोधत होता. डब्याची पिशवी झाली, कपाट झालं, गादीचा अभ्रासुद्धा उलटा करून झाला.

"घावली तर आधी माझ्या हातात द्या," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला दाखवू नका. कंपनीची माणसं लई बेरकी, फाडून टाकतील."

"तुमच्याशिवाय हाय कोण आमाला?"

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. कामगारांच्या ग्रुपवर प्रज्वलनं काहीतरी टाकलं होतं. विलास हसला.

"ह्या प्रज्वलला सुट्टीच्या दिवशी दुसरा धंदा न्हाई."

"काय वो?"

"खेळ हाय. हाताशी असल ते पुस्तक घ्यायचं. पान बावन्न, ओळ पाचवी. ती ग्रुपवर टाकायची अन् पुढच्याचं नाव घ्यायचं. माझ्यावर आलंय आता."

शेजारच्या फळीवर अपेक्षाची, म्हणजे नवनाथच्या पोरीची पुस्तकं. सगळ्यांना खाकी कव्हरं. विलासनं सगळ्यात वरचं ओढलं. भूगोल निघाला.

"कव्हर काय झ्याक घातलंय! अपेक्षानं?"

"तिच्या पप्पांनी," अंजली म्हणाली. "अपघाताच्या दोन दिस आधी. दार लावून बसले होते दुपारभर. म्या म्हणलं, एवढं काय त्यात?"

विलासनं पान बावन्न काढलं. मग त्यानं भूगोलातली नदीची ओळ टाकली आणि खाली लिहिलं, 'पुढचं नाव नवनाथ. भावा, तुझी पाळी.'

नवनाथचा नंबर अजून ग्रुपवर होता. फोन अंजलीनं चालू ठेवलेला. घडीभरात हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मॅनेजर दादासाहेबांनी पण हात जोडले. कुणीतरी लिहिलं, 'विलासभाऊ, असा दोस्त मिळायला नशीब लागतं राव.'

विलासनं डोळे पुसले, पुस्तक होतं तिथं ठेवलं आणि निघाला.

नाशिक फाट्याच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा खिशात फोन थरथरला. काढून बघतो तर नाव नवनाथचं. भरउन्हात अंगावर काटा आला त्याच्या.

'मी अंजली,' ग्रुपवर आलं होतं. 'हाताशी घावलेलं पुस्तक, भूगोलाच्या खालचं. पान बावन्न कोरं हाय, म्हणून शेवटचं लिहिलेलं पान टाकते. पुढचं नाव त्यातच हाय, भाऊजी.'

खाली फोटो होता. कडेला खाकी कव्हर. चार ओळी नवनाथच्या अक्षरात, सेन्सर बंद असल्याची तक्रार. पाचवी निळ्या शाईत, 'माल अर्जंट आहे, मशीन तसंच चालवणे. सही, विलास.'