मे महिन्यातला कोट

१९८६च्या मे महिन्यात, कम्युनिस्ट राजवटीतल्या बाकाऊ शहरातल्या मुलींचा हँडबॉल संघ व्हिएन्नाला निघाला. त्या काळी देशाची सीमा ओलांडायला मिळायची ती अशा खेळाडूंनाच. आग्लायाबाईंनी लेकीच्या बॅगेत हिवाळी कोट कोंबला.

"आई, उन्हाळ्यात कोट? मुली हसतील मला."

"हसू देत. थंडीत लागेल."

सरकारी माणसांनी चोरून ऐकू नये म्हणून टेलिफोनवर उशी दाबलेली होती, तरी याहून जास्त बोलायची सोय नव्हती. ओतिलियाने एकदा आईकडे पाहिलं आणि बॅग बंद केली.

आठवड्याने संघ जिंकून परतला. अख्खं शहर स्टेशनावर लोटलं होतं. ओतिलिया उतरली, तेव्हा कोट तिच्या हातावर होता.

"तुला एकटीला टाकून कुठे जाऊ गं?" ती आईच्या कानात म्हणाली.

आग्लायाबाई हमसून हमसून रडू लागल्या.

"लेक जिंकून आली ना, आनंद मावेना बाईचा," शेजारीण कौतुकाने म्हणाली.

आग्लायाबाई पुढच्याच हिवाळ्यात गेल्या. तीन वर्षांनी सीमा खुल्या झाल्या, तोवर ओतिलियाचा गुडघा निकामी झाला होता. ती बाकाऊतच मुलींना खेळ शिकवत राहिली. त्यातली एखादी परदेशातल्या क्लबकडे निघाली, की ती एवढंच विचारते, "कोट घेतलास ना?"