मामींनी पाहिलेली भुतं

"आता काय झालं?" भूतमामांनी विचारलं.

"दार उघडलं," मामी म्हणाल्या. "आत एक बाई बसलीय. पाठमोरी. केस मोकळे."

"काय करतेय?"

"घड्या घालतेय. लहान मुलांच्या कपड्यांच्या."

तेवढ्यात सिनेमात कुणीतरी जिवाच्या आकांतानं किंचाळलं.

"तीच ओरडली का?"

"मग काय, तीच," मामींनी ठोकून दिलं. कोण ओरडलं ते त्यांना काय ठाऊक? त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते.

मामी पालीलाही घाबरायच्या. नवऱ्यानं मात्र उभा जन्म भुताखेतांच्या सिनेमांवर घालवला. साप्ताहिकातल्या त्यांच्या सदरात दर खेपेला वेगळ्या दशकातला एक गाजलेला भयपट असायचा. कधी मूकपट, कधी काळापांढरा, कधी व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यातला. वाचकांनी त्यांना भूतमामा करून टाकलं, तेव्हा या आपोआप मामी झाल्या. विचारतो कोण!

मग मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली आणि मामा म्हणाले, "काहीच दिसत नाही गं." डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं, तर गेलेच नाहीत. संपादकाला कळलं तर सदर जाईल आणि सदर गेलं तर मी जगून काय करू, एवढंच धरून बसले.

तेव्हापासून रोज दुपारी पडदे ओढायचे, दाराला आतून कुलूप लावायचं, किल्ली मामांच्या खिशात. कुणी अचानक टपकलं तर बिंग फुटायचं! मामींनी सिनेमा बघायचा, सांगायचा, आणि नंतर मामा बोलतील ते लिहून घ्यायचं. सिनेमा संपेपर्यंत त्यांचं मनगट मामांच्या हातात. "तू घाबरलीस की मला नाडीवरून कळतं," म्हणायचे.

बघवत तर नव्हतं. मग मामी मनाचंच सांगू लागल्या. एकदा तर काळ्यापांढऱ्या सिनेमातल्या चेटकिणीला त्यांनी हिरवी शाल पांघरवली. मामा नुसते खाकरले. छापून आलं, 'रंग नसतानाही ती शाल हिरवीच वाटते.' वाचक वेडे झाले! ज्यांनी तो सिनेमा पाहिला होता, तेही म्हणाले, आमच्या हे लक्षातच आलं नव्हतं. बंद पडायला आलेल्या सदराला संपादक पानभर जागा देऊ लागला.

इकडे मामींचा जीव मात्र लेकीकडे. लेक परगावी, तिची मुलगी आता रांगायला लागलेली, आणि आजीनं तिला फक्त फोटोत पाहिलेलं. जायचं नाव काढलं की मामा म्हणत, "मला या अंधारात एकटं टाकून जाणार?" मग काय, काढलेली बॅग पुन्हा माळ्यावर. त्या घरात मामींचा श्वास कोंडायचा.

आज सकाळीच लेकीचा फोन आला होता. "आई, मी कामावर रुजू होतेय. तुला जमणार नसेल तर बाळाला पाळणाघरात ठेवते." आवाजात राग नव्हता, त्याचंच मामींना रडू आलं.

सिनेमा संपला. मामींनी मनगट सोडवून घेतलं.

"अहो, मला लेकीकडे जायचंय."

"पुन्हा तेच? अगं, माझे डोळे आहेस तू."

"कसले डोळे अन् काय! एकही सिनेमा धड बघितला नाही मी. ती घड्या घालणारी बाई, ती शाल, सगळ्या माझ्या थापा. फसवलं मी तुम्हाला. आता खरं सांगणारं दुसरं कुणीतरी शोधा आणि मला मोकळं करा."

बोलता बोलता त्या रडायला लागल्या. पण किती दिवसांनी हलकं वाटलं! आता मामा भडकतील, घालवून देतील, तर बरंच. संध्याकाळची गाडी मिळेल.

मामा हसले. "वेडी कुठली! खरं सांगणारे ढिगानं मिळतील गं. सदर चालतं ते तुझ्या थापांवर."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कुणी कशाला हवं?" मामांनी त्यांचं मनगट पुन्हा हातात घेतलं. "तू डोळे मिटून बसायचीस, ते दिसायचं की मला."