पट्टीवरचं पाणी

"काका, या वह्या तुमच्याच ना?" इंजिनिअर बाईंनी विचारलं आणि पट्टीवाल्याची पाचावर धारण बसली.

टेबलावर त्याच्या सहा वर्षांच्या वह्या पसरल्या होत्या. नदीत रोवलेल्या मोजपट्टीवर पाणी कुठवर आलंय ते रोज सकाळी बघायचं आणि लिहायचं, एवढीच त्याची नोकरी. पण गुडघे गेले. पट्टीपर्यंतच्या ऐंशी पायऱ्या उतरणं काही जमेना. तेव्हापासून तो चहा पीत पीत नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या मोजणी-ठाण्यावरच्या जोडीदाराला फोन लावायचा. जोडीदार भारी काटेकोर. आधी याचा कालचा आकडा विचारून घ्यायचा, मगच आपला आजचा सांगायचा. त्यात मधल्या ओढ्याची म्हणून दोन बोटं वाढवली की पट्टीवाला मोकळा. कोण मेलं बघतंय!

आता बघत होतं. गेली नोकरी, तो मनात म्हणाला.

"माझ्याच," तो कसाबसा बोलला.

"कमाल आहे हो तुमची! एका दिवसाचा खाडा नाही. वरच्या ठाण्याशी ताडून पाहिलं, तर तंतोतंत मेळ."

जीव भांड्यात पडला. पण घटकाभरच. बाई उठून भिंतीवरच्या नकाशापाशी गेल्या.

"इथे आपलं धरण. इथून पाइपलाइन डोंगरापलीकडे, आणि पलीकडच्या कोरड्या खोऱ्यात तलाव. तुमच्या वह्या सांगतात, भर उन्हाळ्यातही या नदीचं पाणी हटत नाही. मग निम्मं उचलायला काय हरकत? उद्या मंजुरी. तेवढी इथे सही करा, मापं स्वतः घेतली म्हणून."

धरणाच्या खाली, वीतभर अंतरावर, एक ठिपका होता. त्या गावात त्याची लेक दिली होती. मागच्या उन्हाळ्यात ती फोनवर रडकुंडीला आली होती, नळाला पाणी नाही म्हणून. तुझी मेलीची नेहमीची कुरकुर, असं म्हणून त्याने तिला उडवून लावलं होतं.

"एक फोन करून येतो, मॅडम."

व्हरांड्यात तो भिंतीला टेकला. उगाच घाबरतोयस, त्याने स्वतःला समजावलं. आपण आळशी, कबूल. पण जोडीदाराचं माप खरं, म्हणजे आपलंही खरंच. दोन बोटांनी काय नदी आटते?

"लेका, एकच सांग," जोडीदाराने फोन उचलताच तो म्हणाला. "तू रोज पट्टीपर्यंत जातोस ना?"



"मी तुझ्याच कालच्या आकड्यातून दोन बोटं कमी करून सांगतो रे," जोडीदार म्हणाला. "मला वाटलं, तू जातोस."