घणाचा उजवा हात

"दहाच मिनिटं. आणि त्यांना फार बोलायला लावू नका," असं बजावून नर्स पडदा सरकवत निघून गेली.

खाटेवरचा माणूस त्याला आधी ओळखूच आला नाही. एके काळी दारातून अंग तिरकं करून आत येणारा घण आता चादरीखाली जेमतेम दिसत होता.

"बुरूज आला वाटतं," घण डोळे न उघडताच पुटपुटला. "पाय अजून तसाच ओढतोस."

तीस वर्षांनी दोघं समोरासमोर येत होते. बुरूज आपणहून आलाच नसता. बायकोने सकाळपासून पिच्छा पुरवला होता. "माणूस शेवटच्या घटका मोजतोय. जाऊन या एकदा." त्याला नवलच वाटलं. आजवर घणाचा विषय निघाला की ती उठून आत जायची.

मुष्टियुद्धाच्या तीन लढती झाल्या होत्या त्यांच्या; घण आणि बुरूज ही दोघांची रिंगणातली नावं. पहिली घणाने जिंकली. घंटा वाजल्यावर ठोसा मारून, असं बुरूज म्हणायचा. दुसरी बुरुजाने एका गुणाने मारली. पंच फितवून, असं घण म्हणायचा. तिसरीच्या आधी वजन करतानाच दोघं एकमेकांच्या अंगावर धावून गेले. चार जणांनी धरलं, म्हणून निभावलं.

ती तिसरी बुरुजाने जिंकली आणि विजेतेपदाचा पट्टा घरी नेला. घणाचा तो गाजलेला उजवा हात त्या दिवशी चाललाच नाही. लोकांनी त्याची हुर्यो उडवली. पेपरांनी 'घण गंजला' असं छापलं. पुढे मोठ्या लढतीला त्याला कुणी बोलावलं नाही. तो पुन्हा लोहारकामाला लागला.

बुरूज स्टूल ओढून बसला. येताना त्याने मनाशी बरंच काही ठरवलं होतं. तीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट आज याच्या तोंडावर फेकायची होती. पण त्या काटकुळ्या मनगटाकडे पाहून त्याचा आवाज आपोआप खाली आला.

"एक सांगायचंय. दुसऱ्या लढतीत तुझा ठोसा लागला, तेव्हापासून माझा डावा डोळा अधू झाला होता. तपासणीच्या तक्त्यावरची अक्षरं पाठ करून मी पास झालो. आणखी एक ठोसा बसला असता तर डोळा कायमचा गेला असता. तिसऱ्या लढतीत तुझा उजवा हात मला दिसतच नव्हता रे."

घणाने नजर छताकडे वळवली. मग त्याचे ओठ हलले.

"काय सांगतोस! बाराही फेऱ्या?"

"बाराही."

"म्हणजे चांगलाच मामा केलास माझा," घण हसला, आणि त्याला ठसका लागला. बुरुजाने त्याला उठवून पाणी पाजलं. "पण बचाव पक्का होता तुझा. मला फटच सापडली नाही."

हे ऐकायला बुरुजाने तीस वर्षं वाट पाहिली होती. त्याने घणाचा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि नर्स येईपर्यंत सोडला नाही.

"वहिनी बऱ्या आहेत ना?" तो निघताना घणाने विचारलं.

"ठणठणीत. तिनेच पाठवलं मला."

घणाने मान हलवली आणि डोळे मिटले.

घरी बायको दारातच उभी होती. "काय म्हणाले?"

"मिटलं सगळं," चपला काढत बुरूज म्हणाला. कितीतरी वर्षांनी त्याला हलकं वाटत होतं. "डोळ्याचं सांगून टाकलं त्याला. बिचाऱ्याला पत्ताच नव्हता गं! थक्क झाला ऐकून."

बायको उंबऱ्यातच खाली बसली.

"आजही नाही सांगितलं त्यांनी?" तिने विचारलं. "अहो, तिसऱ्या लढतीच्या आदल्या दिवशी त्यांच्या दारात जाऊन मीच पदर पसरला होता. त्या डोळ्यावर मारू नका म्हणून."