एक गाणं, चाळीस फोटो

"पुन्हा," सारिन म्हणाला आणि दबक्या आवाजात तेच गाणं गुणगुणला.

फाल्ला त्याच्यासमोर उकिडवी बसली होती. दुसऱ्या कडव्याला तिची डावी भुवई किंचित हलली.

"भुवई."

"तू इतकं बेसूर गातोस, बोंग, ती हलणारच." नवऱ्याला ती बोंग म्हणायची, पण कोणी जवळ नसतानाच. चारचौघांत सगळे एकमेकांचे मित्त.

"उद्या सुरात असेल. तुझ्याच आवाजात."

तिने भुवईवर बोट दाबून धरलं.

सत्ता हाती घेतलेल्या संघटनेने राजधानी रिकामी करून माणसं शेतांवर हाकलली, तेव्हापासून फाल्ला भाजीवाली होती. जुनी गाणी गाणाऱ्यांना संघटना जिवंत ठेवत नव्हती, म्हणून रेडिओवर गाणारी फाल्ला वाटेत मेली, असं दोघांनी ठरवून टाकलं होतं. आता वरून निरोप आला होता: ती गायिका याच गावात लपली आहे. रेडिओवर ती टोपणनावाने गायची, त्यामुळे तिचं खरं नाव किंवा चेहरा कोणालाच ठाऊक नव्हता. तिच्या एका गाण्याची तबकडी मात्र सापडली होती. म्हणून सगळ्या बायाबापड्यांना, आणि तिला ओळखणारेही सापडावेत म्हणून पुरुषांनाही, ती ऐकवायची आणि ऐकताना फोटो काढायचे. कॅमेरा चालवता येणारा गावात एकटा सारिन. 'स्टुडिओत झाडू मारायचो, बघून बघून शिकलो,' असं त्याने सांगून ठेवलं होतं.

"पायाचा अंगठा जमिनीत दाब," तो म्हणाला. "नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे. चेहऱ्यावर काहीही येता कामा नये."

पहाटेपर्यंत तिला ते जमलं.

सकाळी जेवणाच्या छपरात बाक मांडला होता. गटप्रमुख रन तबकडीच्या यंत्राशी बसला.

"सगळ्यांना सारखंच. दुसरं कडवं आलं की फोटो," त्याने बजावलं.

पहिली आली येय सोम. दात नसलेली म्हातारी. "अगं बाई, आत कोणाला कोंडलंय?" म्हणत तिने यंत्राला कानच लावला. सारिनने बटण दाबलं.

मग म्हातारा ता मोन मांडीवर ठेका धरून बसला. "पुन्हा लाव की, मित्त! दोन वर्षांत बेडकांशिवाय काही ऐकलं नाही."

म्हातारा संपला, सारिनला वाटलं. म्हशी राखणारी एक बाई तर गळ्यातलं फडकं डोळ्यांना लावून रडली. रनने कोणालाच दटावलं नाही. काही लिहूनही घेतलं नाही.

फाल्ला बसली. तिचाच आवाज छपरात घुमला. सारिनने बटणावर बोट ठेवलं. फोटो मुद्दाम हलवावा का? पण हललेला एकच फोटो लगेच नजरेत आला असता. त्याने भिंगातून पाहिलं. भुवई स्थिर होती, ओठही. हलवायची गरजच नव्हती. चाळीस जणांत तिचाच फोटो सर्वांत स्वच्छ आला.

दुसऱ्या दिवशी रनने बोलावलं, तेव्हा ता मोन बाहेर पेज ओरपत होता. येय सोमही होती. म्हशीवाली होती. कोणालाच नेलं नव्हतं. सारिनच्या छातीवरचा दगड उतरला.

फळीवर फोटो रांगेत मांडले होते.

"झाडूवाल्याचा हात चांगला बसलाय," रन म्हणाला. त्याने एक फोटो उचलून सारिनसमोर धरला. "एकोणचाळीस माणसं गाणं ऐकतायत, मित्त. ही एकटीच ऐकत नाहीये."